पिशवीवरचा नंबर

पिशवीकाका बाजारात भेटले की आधी तुमच्या हातातल्या पिशवीकडे बघायचे, मग तुमच्याकडे. "धुता ना ही? गरम पाण्यात धुवा. साबण सढळ हातानं लावा." नवख्या माणसाला वाटायचं, काय ही स्वच्छतेची आवड! आम्हाला खरं कारण ठाऊक होतं. पिशवी धुतली की छपाई उडते, आणि त्या छपाईत काकांचा पाय अडकला होता.

काका निवृत्त बसड्रायव्हर. या परक्या मुलखात त्यांनी जन्मभर माणसांना ज्याच्या त्याच्या थांब्यावर उतरवलं. काकू गेल्या, नोकरी संपली, आणि त्यांनी ठरवलं की आता आपणही उतरायचं. म्हणजे अक्काकडे जायचं, कायमचं. अक्का ही त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनंच त्यांना वाढवलं. ती तिकडे गावी एकटी, आणि तिची नजर दिवसेंदिवस अधू होत चाललेली. "मला दिसतंय तोवर तुझं तोंड दाखवून जा," एवढंच तिचं मागणं.

मधे आडवी आली आमची संस्था. संस्था म्हणजे लाँड्रीच्या वरची एक खोली आणि आमच्यासारखे बाहेरून आलेले चार-पाच रिकामटेकडे. आमच्यानंतर इथे आलेल्यांना दवाखाना, शाळा, भाड्याची खोली या चक्रव्यूहातून बाहेर काढायचं, हे आमचं काम. खाली कपडे पिळायचं मशीन सुरू झालं की वर आमचे ठराव थरथरतात.

सुरुवातीला आम्ही दारोदार देणग्या मागितल्या. 'देणगी' म्हटलं की प्रत्येक घरात नेमकं दूध उतू जायचं. तेव्हा आमची पार्लरवाली ताई म्हणाली, "नुसता हात पसरून कोण देणार? हातात काहीतरी ठेवा." म्हणून कापडी पिशव्या विकायला काढल्या. एका बाजूला संस्थेचं नाव, दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत 'अडलात? फोन करा.' आता, संस्थेला फोन कुठला! काका म्हणाले, "तूर्तास माझा नंबर टाका."

चूक तिथेच झाली. कागदावर छापलं असतं तर महिन्याभरात रद्दीत गेलं असतं. आम्ही छापलं पिशवीवर, आणि विकली ती आपल्याच माणसांना. आपल्या माणसानं पिशवी टाकून दिल्याचं कुणी पाहिलंय? आपल्याकडे पिशव्या ठेवायलासुद्धा एक पिशवी असते. फाटली तर तिचं पायपुसणं होतं. आमच्या इलेक्ट्रिशियनच्या दारात पाय पुसतानाही काकांचा नंबर वाचता यायचा.

मग फोन सुरू झाले. "काका, शाळेतून चिठ्ठी आलीय, लाल अक्षरांत. रागावलेत का?" "काका, घरमालक म्हणतो खिळा ठोकायचा नाही. मग आरसा काय हातात धरू?" "काका, हे माझ्याशी बोलत नाहीत." यावर काका घाबरून म्हणाले होते, "मी बोलू का त्यांच्याशी?" आणि खरंच बोलले. पण सगळेच फोन हसण्यावारी नेण्यासारखे नसत. दवाखान्यातून एखादी बाई रडत म्हणायची, "हे सही करा म्हणतायत, कशावर ते कळत नाही." मग काका ताटावरून उठायचे.

एकदा ते पंधरा दिवस अक्काकडे जाऊन आले. फोन बरोबर होताच. परत निघताना अक्का म्हणाली, "मी तुझं तोंड बघायला बोलावलं होतं. मला दिसला तो नुसता कान."

फोन बंद करा असं आम्ही अधूनमधून सांगायचो, पण आवाजात फारसा जोर नसायचा. काकाही बंद करत नसत. "दवाखान्यातल्या त्या बाईनं लावला आणि बंद लागला तर?" म्हणायचे. शेवटी त्यांनी आपली भिस्त साबणावर ठेवली.

आणि साबणाला यश आलं! यंदा पिशव्या विटल्या. नंबरातले शेवटचे आकडे उडाले, फोन विरळ झाले. काकांनी खोली सोडतो म्हणून घरमालकाला कळवलं, अक्काला "आता येतो तो राहायलाच" असं सांगितलं. त्यांना शीळ घालत जिना चढताना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

त्याच आठवड्यात आमचा छापखानेवाला मेहेरबान झाला. नव्या पिशव्या फुकट छापून देतो म्हणाला. फक्त मशीन आजच मोकळं आहे, मजकूर आत्ता सांगा. आम्ही सगळे खोलीत जमलो. टेबलावर ताईचा फोन मोठ्या आवाजात लावून ठेवलेला. नाव सांगून झालं, 'अडलात? फोन करा' सांगून झालं.

"हं, नंबर?" छापखानेवाला म्हणाला.



"मी दिवसभर कात्री धरते," ताई हळूच म्हणाली. "फोन घ्यायला गेले तर एखादीचा कान जाईल."

"मी शिडीवर असतो," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "एका हातात वायर."

आमच्यात शिकवण्या घेणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो बराच मळला असावा.

"संस्थेसाठी वेगळा फोन घ्या की," काका म्हणाले.

"घेऊ. पण उचलणार कोण?" ताईनं विचारलं.

काकांनी ओठ मिटले. आज आपला नंबर सांगायचा नाही, असं ते घरून ठरवूनच आले असावेत. त्यांनी छताकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग दाराकडे, जरा जास्त वेळ. खुर्चीची कड त्यांनी घट्ट धरली होती, उतारावर ब्रेक धरावा तशी. खाली मशीन सुरू झालं, टेबल थरथरायला लागलं.

"अहो, आहात का? मशीन थांबवलंय मी!"

आणि मग कुणीतरी सावकाश, एकेक आकडा सुटा करून नंबर सांगायला लागलं. शेवटचा आकडा सांगून झाल्यावर काकांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आमच्यापैकीच कुणीतरी बोललं होतं. पण आवाज त्यांचा होता, नंबरही तोच, जुना.

सुटलो, असं आम्हाला वाटलं आणि लगेच लाजही वाटली. लाज वाटली की आपल्याकडे सत्कार करतात. ताई घाईघाईनं म्हणाली, "या वेळी काकांचा फोटोपण छापूया!"

काका उठून बाहेर जिन्यात गेले. दार नीट लागत नाही, आणि काकांचा फोन कायम मोठ्या आवाजात, त्यामुळे दोघांचंही सगळं ऐकू आलं.

"अक्का, अगं... यंदा जरा..."

"किती पिशव्या?" अक्कानं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तुला मी वाढवलंय."

"आणि त्यावर माझा फोटो टाकतायत. नको म्हणून सांगतो."



"टाकू दे," अक्का म्हणाली. "मला एक पाठव. आणि फोटो मोठा छाप म्हणावं. मोठं अजून दिसतं मला."

काका आत आले. जन्मभर फोटो म्हटलं की मागच्या रांगेत लपणारा हा माणूस. टेबलावरच्या फोनकडे वाकून म्हणाले, "पिशवीभर छापा. आणि शाई अशी वापरा, की धुतली तरी जाणार नाही."