चांदीच्या नळीचा अर्ज

माझी मुलगी चार वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी गल्लीत वळताच तिची "बाबा" ही हाक मला सामोरी येत असे. मग ती हाक थांबली. तिच्या मेंदूत जन्मापासून पाणी साठते. ते पोटात उतरवण्यासाठी बसवलेल्या बारीक नळीत जंतू शिरले, ताप चढला आणि ती उघड्या डोळ्यांनी गप्प पडून राहू लागली. देव ऐकतो, यावरचा माझा विश्वास त्या दिवसांत डळमळला होता, हे मी लपवत नाही.

इंदूरच्या रुग्णालयात जुनी नळी काढली आणि जंतू जाईपर्यंत पाणी बाहेरच्या पिशवीत उतरू दिले. नवी नळी कोणती, हे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावले. साधी असते, औषध भिनवलेली असते, चांदीचा अंश असलेलीही असते. मुलांना पुन्हा जंतू होऊ नयेत म्हणून औषधाचीच बरी, असे त्यांचे मत होते. परंतु बुऱ्हाणपूरच्या कचेरीसमोर माझी अर्ध्याहून अधिक हयात अर्ज लिहिण्यात गेली आहे. माझ्या मसुद्यातला शब्द सहसा कोणी बदलत नाही. चांदीइतके शुद्ध काय असणार, असे मानून मी रुग्णालयाच्या नावे सात मुद्द्यांचा अर्ज लिहिला आणि चांदीचीच नळी मागितली. संमतीपत्र तसेच ठेवून देवीचा कौल घ्यायला इच्छापूरला निघालो. "अहो, सही तरी करून जा," पत्नी काकुळतीने म्हणाली. मी थांबलो नाही.

देवीपुढे चांदीचा पाळणा वाहून मी तोच अर्ज स्पष्ट उच्चारात वाचू लागलो. तिसऱ्या मुद्द्याला मागून आवाज आला, "भाऊ, देवीचा दागिना पोरीच्या डोक्यात टाकता का?"

केळीच्या बागेत मजुरी करणारी कोणी बाई होती. माझा चेहरा पाहून ती हसली. "रागावू नका. माह्या पोरीले बी हेच दुखणं. पहिल्या साध्या नळीत जंतू झाले, मंग औषधाची टाकली. ती बी एक बार बुजली, बदलावी लागली. पन जंतू नाही झाले. आता पाहा, कशी बोंबलते!"

खरोखरच पायऱ्यांवरून एक मुलगी ओरडत होती, "ओ आई, चल ना जल्दी!" तो आवाज माझ्या काळजात उतरला. असा आवाज ऐकून मला किती दिवस झाले होते!

"सही केली का?" बाईने विचारले. मी नकारार्थी मान हलवली. "मंग इथं काय वाचता? जा ना!"

तिचे नावही न विचारता मी परतलो आणि संध्याकाळी सही केली. दुसऱ्या दिवशी औषधाची नळी बसली.

ही नळीही कधीतरी तुंबू शकते, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितले आहे. देवीने त्या मजूर बाईच्या तोंडून मला परत पाठवले, असे मी मानतो. त्या बाईचे उपकार फिटणार नाहीत. मुलगी आता जेवते, बसते. काल माझ्या पावलांच्या आवाजाकडे तिने मान वळवली. ओठ हलले, शब्द आला नाही. मी त्या हाकेची वाट पाहतो आहे. ती कधी यावी आणि कशी यावी, हे मात्र आता मी देवीला सांगत नाही.