फिरत्या घरातली फटफटी

माझ्या नवऱ्याचं अड्याळला वेल्डिंगचं दुकान आहे. शेताची फाटकं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, खिडक्यांचे गज हे त्याचं रोजचं काम. एका दिवाळीनंतर त्यानं शाळेची एक जुनी मिनीबस भंगारातून उचलून आणली आणि पुढचे दोन महिने दुकान आटोपलं की तो तिच्यातच शिरून बसायचा. सगळ्या सीटा काढल्या. एका बाजूला लोखंडी पलंग जोडला, ड्रायव्हरच्या मागे पाण्याचा ड्रम आणि गॅसची शेगडी बसवली, खिडक्यांना डासांची जाळी ठोकली. गावातले लोक तिला फिरतं घर म्हणायला लागले. मी शाळेत निघाले की कोणीतरी हटकायचंच, "मॅडम, घर कधी निघून राहिलं?"

घर निघायला कारण झाली माझी सासू. तिला एसटीत बसलं की उलट्या होतात. अड्याळहून भंडारा गाठेपर्यंतच ती अर्धी होते. तिची धाकटी बहीण तुमसरच्याही पुढे, बपेऱ्याजवळच्या एका टोलीत, दहा-बारा घरांच्या वस्तीत राहते, आणि तिचे गुडघे गेलेले. त्यामुळे दोघी बहिणींची कित्येक वर्षांत गाठच नव्हती. रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. काय रांधलं, कोण आलं, कोणाची म्हैस व्याली. पलंगावर आडवं पडून, खिडकी उघडी ठेवून जाता येईल म्हटल्यावर सासूनं त्याच दिवशी पिशवी भरली. चिन्नोरचे तांदूळ, लाखोळीची डाळ, दोन नवी लुगडी.

निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं जुनी मोटारसायकल मागच्या दारातून, फळीवरून आत चढवली. मी म्हटलं, "हे कायले? झोपायले जागा नाई, अन् तुमी फटफटी घेऊन राहिले?"

"टोलीचा रस्ता मी पाह्यला आहे," तो म्हणाला. "शेवटचे दोन किलोमीटर बैलगाडीची वाट आहे. बस तिथं जात नाई. मंग आईले काय पाठीवर नेशील?"

मला ते पटलं नव्हतं. पण त्यानं बसच्या तळाला चार कड्या आधीच जोडून ठेवल्या होत्या. पट्ट्यांनी गाडी चारीकडून आवळली, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि हलवून दाखवली. हलली नाही. सासूला मात्र ती फार सोयीची वाटली. तिनं एका मुठीला पिशवी अडकवली, दुसरीला टॉवेल.

पहाटे निघालो. भंडारा गेलं, मोहाडी गेली, आणि सासू पलंगावर उशी घेऊन बसून खिडकीतून बाहेरचं सगळं मला सांगत होती. "हे पाय, किती मोठं पुंजणं!" धानाचा एवढा मोठा ढीग अजून मळणीचा राहिलेला पाहून तिला हसू येत होतं. धान कापलेल्या बांध्यांमधून, त्या बांध घातलेल्या वावरांतून, लाखोळीची निळी फुलं दिसत होती. उलटी नाही, मळमळ नाही. तुमसरला आम्ही चहा घेतला तेव्हा ती स्वतः खाली उतरली आणि टपरीवाल्याला म्हणाली, "हे आमचं घर आहे." तो बिचारा आत डोकावून पाहत राहिला.

बपेऱ्याच्या अलीकडे, बैलगाडीची वाट जिथं फुटते तिथं, एका मोहाच्या झाडाखाली बस लावली. अकरा वाजले असतील. नवऱ्यानं पट्टे सोडले, फळी लावली आणि मोटारसायकल मागे मागे उतरवायला लागला. मी खाली उभी राहून मागचं चाक धरत होते. गाडी जमिनीला टेकली आणि नेमका त्याच क्षणी त्याचा पाय फळीच्या कडेवरून सटकला. गाडी वाचली. पाय मुरगळला. तो खाली बसला तो उठेचना. दहा मिनिटांत घोट्यावर लिंबाएवढी सूज आली.

ड्रममधल्या पाण्यात फडकं भिजवून मी पायाला बांधलं. सासू दारात उभी होती, पिशवी हातात घेऊन. तिनं पायात चपला घातल्या होत्या.

"आई, आज राहू द्या," मी म्हटलं. "उद्या यांचा पाय बरा झाला की जाऊ."

"तिनं सकाळपासून भात मांडून ठेवला असन," सासू एवढंच म्हणाली.

नवरा माझ्याकडे पाहायला लागला. "तूच ने ना."

"मी? मले स्कुटी येते. हे गिअरवालं नाई येत."

"स्कुटी चालवते त्याले तोल आहे. बाकी फक्त पाय शिकवायचा आहे."

त्यानं मला बसमधलं प्लास्टिकचं स्टूल आणायला लावलं, त्यावर पाय लांब करून बसला आणि समोरच्या कापलेल्या बांधीत माझा वर्ग सुरू झाला. आयुष्यभर मुलांना शिकवणारी मी, आणि तो हात हलवून ओरडत होता. "बोटानं दाबला का गिअर पडते! टाचेनं दाबला का उतरते! क्लच हळू सोड, हळू! अंडं धरल्यावानी!"

पहिल्यांदा गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही. चौथ्यांदा किक मारून माझी पोटरी दुखायला लागली. सहाव्यांदा मात्र गाडी निघाली. धानाच्या खुंटांवरून कडकड करत मी बांधीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले, दुसरा गिअर पडला आणि माझ्या तोंडातून एकदम किंकाळी निघाली. भीतीची नव्हती. पंचेचाळिशीची बाई, पाचवीच्या वर्गाची मास्तरीण, आणि मला त्या बांधीत गोल गोल फिरतच राहावंसं वाटत होतं. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा सासू बांधावर येऊन उभी होती.

"झालं ना आता? चाल मंग."

हेल्मेट तिला मोठं होत होतं, म्हणून आत टॉवेल गुंडाळला. मी म्हटलं, एका बाजूला बसा आणि मला धरा. ती म्हणाली, "एका बाजूले कायले?" लुगड्याचा काष्टा आवळून तिनं सरळ दोन्हीकडे पाय टाकले आणि माझ्या कमरेला असा विळखा घातला की माझा श्वासच अडकला. मागून नवरा ओरडला, "पहिल्याच गिअरमधी ने!" पण ते ऐकायला आम्ही तिथं नव्हतो.

वाट धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधाच्या कडेनं होती. एका बाजूला लाखोळी, दुसऱ्या बाजूला बोडीचं, छोट्या तळ्याचं पाणी. चाकोऱ्या खोल होत्या, मधला उंचवटा हातभर रुंद. त्या उंचवट्यावरून मी गाडी धरून ठेवली. आणि मी हसत होते. सासूला माझं हसू ऐकू येत होतं. तीही हसायला लागली आणि मग आमच्या दोघींच्या हसण्यानंच गाडी डगमगायला लागली.

अर्ध्यावर म्हशी आडव्या आल्या. दहा-बारा, निवांत. मी ब्रेक दाबला, क्लच विसरले आणि गाडी बंद. सासू मागे बसल्या बसल्याच ओरडली, "हाऽऽ! हट वो बाई, हट!" एकेक म्हैस बाजूला झाली. किक एका दमात लागली. पुढे नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं.

"उतरू काय?" सासूनं विचारलं.

"नका. हलू नका फक्त."

मी थांबलेच नाही. पाणी दोन्हीकडे उडालं, तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, आणि पलीकडच्या चढावर गाडी धापा टाकत वर आली तेव्हा ती माझ्या पाठीवर थापटत म्हणाली, "अशीच घेजो, अशीच!"

मावशी अंगणात खाटेवर बसली होती. दोन हेल्मेटवाल्या फटफटीवरून दारात आलेल्या पाहून ती घाबरलीच. "कोन पायजे?" सासूनं हेल्मेट काढलं, त्यातून टॉवेल खाली पडला. मावशी काठी न घेता उठली. दोघी एकमेकींचे खांदे धरून नुसत्या उभ्या राहिल्या, मग एकदम दोघीही बोलायला लागल्या, कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं. मावशीनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे चालवते?"

"मंग! पान्यातून आनलं मले," सासू म्हणाली. तिच्या आवाजातला तोरा मी पहिल्यांदाच ऐकला.

जेवण झालं. भात, पोपटीच्या शेंगांच्या दाण्यांची उसळ, मोठ्या वाटीत तूप. मग मावशी म्हणाली, "मलेबी बसव. किती साल झाले, मी धुऱ्यापलीकडे गेलीच नाई." तिच्या मुलानं नको नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. गुडघा वाकत नव्हता, म्हणून तिला एका बाजूनं बसवलं, पाय सरळ, आणि मी खरंच पहिल्या गिअरमध्ये आणलं. नाला ओलांडेपर्यंत तिचा मुलगा सोबत चालत आला. मोहाच्या झाडाखाली नवरा पाय वर करून झोपला होता. त्याला वाटलं, मी आईला परत आणलं. डोळे चोळून पाहतो तर मावशी. सासूला आणायला मी लगेच पुन्हा टोलीत गेले.

एका दिवसासाठी आलो होतो, तीन दिवस राहिलो, कारण बस चालवायला नवऱ्याचा पाय हवा होता. त्या तीन दिवसांत मी टोलीची वाट किती वेळा केली ते मोजलं नाही. दुधाला, भाजीला, औषधाला, कधी काहीच नसताना. दोघी बहिणी बसमधल्या पलंगावर आडव्या पडून बोलत असायच्या. एकदा मी मावशीला नदीच्या काठापर्यंत नेलं. ती खाली न उतरता गाडीवरूनच बावनथडीकडे पाहत बसली, पलीकडे मध्य प्रदेश. तिसऱ्या दिवशी माझा चौथा गिअर पडला.

परत निघायच्या सकाळी नवरा लंगडत का होईना, उभा राहिला. फळी लावली. मी गाडी सुरू केली, तिच्या बाजूनं चालत, पहिल्या गिअरवर अर्धा क्लच धरून तिला फळीवरून वर नेलं. टोलीतली आठ-दहा माणसं पाहत उभी होती. नवऱ्यानं पट्टे आवळले, मी हलवून पाहिली.

दार लावणार तेवढ्यात, सकाळीच मी फटफटीवरून आणून मोहाखाली बसवलेली मावशी मुलाच्या आधारानं, हातात पिशवी घेऊन, हळूहळू चालत आली. कोणाला काही विचारलं नाही. पायरीवर काठी टेकवली, आणि तिला वर घेण्यासाठी सासूनं आतून हात पुढे केला.