सन्मतीची पाच मिनिटं

रणजित कधी फोन करत नाही. त्याचं सगळं मेसेजवर चालतं, तेही अर्ध्या शब्दांत. त्यामुळे त्या मंगळवारी पुण्यात ऑफिसात बसलेली असताना त्याचं नाव फोनवर दिसलं तेव्हाच मी खुर्चीतून उठले. उचलला तर पलीकडून नुसतं भट्टीचं घरघरणं ऐकू येत होतं. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत तो सुपरवायझर आहे, तिथूनच बोलत असणार. मग म्हणाला, "वैशे, सन्म्या गेला गं. काल सांच्याला रानात पडला. दवाखान्यात न्हेईपतोर संपलं हुतं." मी विचारलं, कोण सन्म्या? खरोखर असं विचारलं. माझ्या ओळखीत एकच सन्मती आहे, तरीही.

सन्मती मगदूम, राहणार गडमुडशिंगी. वय एकतीस. कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आम्ही तिघं एका वर्गात होतो आणि नऊ वर्षांपूर्वी, शेवटच्या वर्षाला, विद्यार्थ्यांच्या अॅप बनवण्याच्या एका स्पर्धेत आम्ही एकत्र भाग घेतला होता. तो काही मोठा माणूस नव्हता. त्याच्यावर लेख यावा असं त्यानं काही केलं नाही, आणि हे त्यालाच सांगितलं असतं तर तोही "खरं हाय की" म्हणाला असता. पण मला त्याला एक गोष्ट विचारायची होती. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, स्टेजवर जाताना, त्याला बोलायचं होतं का? एवढंच. नऊ वर्षं विचारीन विचारीन म्हणत राहिले आणि आता विचारायला माणूसच उरला नाही.

आधी आमच्या टीमबद्दल सांगते. मी राजारामपुरीतली, बँकेतल्या माणसाची मुलगी, शाळेपासून वक्तृत्व स्पर्धांचे कप घरात मांडून ठेवलेली. रणजितचा हात चित्रकलेत चांगला, त्यामुळे अॅपचे सगळे स्क्रीन तो काढायचा. आणि कोड लिहायचा सन्मती. वर्गात तो तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसे आणि वर्षभरात दहा वाक्यं बोलला असेल नसेल. त्याच्या घरी चार म्हशी होत्या. म्हैस माजावर आलेली त्याच दिवशी लक्षात आली नाही तर पुढचे एकवीस दिवस थांबावं लागतं, म्हणजे गाभण राहणं लांबलं आणि दूधही लांबलं. हे त्याच्याकडून कळल्यावर मीच म्हटलं, यावर अॅप करू. तारीख आली की फोन आठवण करील. विषय त्याचा, उत्साह माझा, असं एकंदर सुरू झालं.

पहिला आराखडा मी केला. म्हशीचा बिल्ला क्रमांक, जात, वय, मागच्या वेताची तारीख, असा सुंदर फॉर्म. सन्मतीनं तो खालपर्यंत बघितला आणि विचारलं, "ह्ये आमच्या आक्काला कसं कळायचं?" आक्का म्हणजे त्याची आई. म्हशींचं सगळं तीच बघायची आणि तिला अक्षरओळख नव्हती. मग मी म्हटलं, त्यात काय, फोटो टाकू! प्रत्येक म्हशीचा फोटो, त्यावर बोट ठेवलं की झालं. या युक्तीवर मी इतकी खूश होते की दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं गडमुडशिंगीला गेलो, गोठ्यात उभं राहून चारही म्हशींचे फोटो काढले आणि संध्याकाळपर्यंत अॅपमध्ये बसवले. आक्कांनी फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. मग मला अगदी मायेनं म्हणाल्या, "ह्यात म्हस कुठं हाय गं बाळ? समदा अंधार दिसतोय." चार चौकोन, चारही काळे ठिक्कर. इंजिनिअरिंगची तीन वर्षं शिकून म्हशी काळ्या असतात एवढं आमच्या लक्षात आलं नव्हतं. रणजित शेणात बसून हसला.

त्यानंतर सन्मती तीन दिवस कॉलेजला आला नाही. मी चिडले, फोनवर फोन केले. तो गोठ्यात बसला होता. काय करतोयस विचारलं तर म्हणाला, बघतोय. चौथ्या दिवशी आला आणि रणजितपुढं एक वही ठेवली. त्यात फक्त शिंगं काढली होती. एक जोडी खांद्यापर्यंत मागं गेलेली, एक कानाजवळ गोल वळलेली, एक आडवी, आणि एक अशी की डावं शिंग टोकाला मोडलेलं. आक्का म्हशीबद्दल कुणाशी बोलायला लागल्या की हात आपोआप स्वतःच्या डोक्याजवळ नेतात आणि बोटांनी शिंगं करून दाखवतात, हे त्यानं तीन दिवसांत पाहिलं होतं. जन्मभर बघत आलेली गोष्ट होती, पण बघायला बसला तेव्हा दिसली. रणजितनं त्या शिंगांची स्वच्छ रेषांची चित्रं केली, आणि एकविसाव्या दिवशी फोनवर त्या त्या म्हशीचं शिंग डुलायला लागायचं. आक्कांना काही शिकवावं लागलं नाही. मी आजवर पुण्यात बसून पुष्कळ अॅप केली, पगारही बरा मिळतो, पण त्या शिंगांच्या जवळ जाईल असं काही माझ्या हातून झालेलं नाही.

अंतिम फेरी दोन दिवसांची होती, शहरातल्याच एका कॉलेजात. पहिल्या दिवशी काम पुरं करायचं, दुसऱ्या दिवशी परीक्षकांपुढं पाच मिनिटं मांडणी. पहिल्या दिवशी दुपारी मी शहाणपणा केला. स्क्रीन आणखी देखणा करायच्या नादात कुठल्या तरी फाइलला हात लावला आणि आठवण येणंच बंद पडलं. चार तास गेले. साडेपाचला सन्मती शांतपणे उठला, पिशवीतून डबा काढला आणि मांडी घालून खाली जेवायला बसला. मगदूम जैन, दिवस मावळल्यावर त्यांच्या घरात कुणी जेवत नाही. कॉलेजचं जेवण आठ वाजता मिळणार होतं, म्हणून आक्कांनी भाकरी, दोडक्याची भाजी आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. मी मात्र भडकले. इथं घर जळतंय आणि तू जेवतोस काय, वगैरे बरंच बोलले. सगळं ऐकून घेत तो शेवटच्या घासापर्यंत जेवला, डबा धुऊन आणला, खुर्चीवर बसला आणि दहा मिनिटांत माझी चूक शोधून काढली. "पोटात गेलं की डोकं चालतंय," एवढंच म्हणाला. चूक माझी होती हे त्यानं रणजितलासुद्धा सांगितलं नाही.

आता दुसरा दिवस.

त्या सकाळी सन्मती पांढरा, कडक इस्त्रीचा नवा शर्ट घालून आला. वर्षभर दोन चौकडीच्या शर्टांवर काढलेला मुलगा. रणजितनं त्याला "नवरदेव, हिकडं कुठं?" म्हणून छळलं, मीही हसले. आमच्या आधी शाहूवाडीकडच्या मुलांची एक टीम होती. भातशेतीवरचं त्यांचं अॅप चांगलं होतं. पण बोलणारा मुलगा घरी बोलतो तसाच बोलला, आणि मागच्या रांगांतून खसखस पिकली. परीक्षकांतल्या एकानं मान खाली घालून हसू दाबलं, ते मी पाहिलं. आमचं नाव पुकारलं गेलं. सन्मती माझ्या आधी उठला होता. त्यानं घसा खाकरला. मी पुढं झाले आणि म्हणाले, "मी बोलते. तू लॅपटॉप सांभाळ." त्यानं माझ्याकडं बघितलं... आणि म्हणाला, "बरं."

मी उत्तम बोलले. तो कपांचा अनुभव होताच. काळ्या चौकोनांचा किस्सा असा रंगवला की सभागृह हसलं, या वेळी चांगल्या अर्थानं. शेवटी पुण्याच्या एका कंपनीतून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, शिंगांची ही कल्पना कुणाची? मी म्हटलं, "टीमची, सर." सन्मती माझ्या मागं दोन पावलांवर लॅपटॉपची वायर धरून उभा होता. त्याचं नाव घ्यायला मला किती वेळ लागला असता?

त्याची बाजू सांभाळली, त्याला हसं होण्यापासून वाचवलं, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आले. ते खोटं आहे. मला त्याच्या बोलण्याची लाज वाटली. त्याच्या "हाय-न्हाय"मुळे माझा नंबर जाईल अशी भीती वाटली. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

आमचा दुसरा नंबर आला. त्याच परीक्षकांनी आठवड्याभरात मला त्यांच्या कंपनीत बोलावलं. मी आधी सन्मतीला सांगितलं, का कोण जाणे. तो म्हणाला, "जा की. हितं काय हाय?" त्यात खोच होती का, हे मी पुढं पुष्कळदा उकरून बघितलं. आवाजात तरी नव्हती. मी गेले. तो गावातल्या दूध संस्थेत कॉम्प्युटरवर बसायला लागला, उरलेला वेळ शेती. पद्माशी लग्न झालं, मुलगी झाली. आमचं अॅप आक्कांच्या आणि शेजारच्या पाच-सहा घरांतल्या फोनवर दोनेक वर्षं चाललं, मग फोन बदलले आणि ते बंद पडलं. कुणी त्याचं सुतक पाळलं नाही. मी दिवाळीला आले की तो हमखास खरवस घेऊन घरी यायचा आणि माझ्या आईशी माझ्यापेक्षा जास्त बोलायचा.

शेवटची भेट गेल्या वर्षी रणजितच्या वास्तुशांतीला झाली. पंगतीत शेजारी बसलो होतो. मी ठरवून गेले होते की आज विचारायचंच. म्हटलं, सन्मती, ते स्पर्धेचं आठवतं का रे, त्या दिवशी... तेवढ्यात वाढपी आला, मग त्याची मुलगी येऊन मांडीवर बसली. "ही शाळंत भाषण करती," तो कौतुकानं म्हणाला. "लई बोलती. तुझ्यावाणी." मी हसले आणि प्रश्न गिळला. निवांत कधी तरी विचारू म्हटलं. तिशीत माणसाला वाटतं, निवांतपणाला काय तोटा आहे.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी गडमुडशिंगीला गेले. दुपारभर पद्माजवळ बसले. ती धीराची आहे. संस्थेनं तिला सन्मतीच्या जागी घ्यायचं कबूल केलंय, मुलगी पुन्हा शाळेत जायला लागलीय. चार वाजता आक्का उठून गोठ्याकडं गेल्या. म्हशींना दुःख समजावता येत नाही, धारेची वेळ झाली की झाली. मी मागोमाग गेले आणि दाराशी उभी राहिले. आक्का पाठमोऱ्या बसून धार काढत होत्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या की स्पर्धेच्या आधी आठ दिवस सन्मती इथंच उभा राहून भाषण म्हणायचा, सकाळच्या धारेला आणि संध्याकाळच्या धारेला. ऐकायला त्या आणि चार म्हशी. मला आधी नीट समजलं नाही. कसलं भाषण, मी विचारलं. "सपर्धेचं गं. मला अजून पाठ हाय." आणि चरवीत धारेचा आवाज येत असताना, एकसुरात, पोरानं म्हटलं असेल तसंच, त्यांनी म्हणून दाखवलं.

"नमस्कार. मी सन्मती मगदूम, गडमुडशिंगीचा. आमच्यात चार म्हशी हायत. माझ्या आक्काला लिवाय-वाचाय येत न्हाय, खरं तिला शिंगं वळखाय येत्यात. म्हणून आमी शिंगं काढली. चित्रं रणजितची हायत. आमचं काय चुकतंय त्ये वैशालीनं दावलं. बाकीचं मी केलंय. काय इचारायचं असंल तर मला इचारा."

धार थांबली. आक्कांनी पहिल्यांदाच मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "तितं नीट म्हणाला काय गं त्यो? घरी येऊन मला त्येनं सांगितलं, आक्का, समदं म्हटलं, लई टाळ्या पडल्या."

मी म्हटलं, "व्हय आक्का. चांगलं म्हणाला."

तिथून पुण्याला निघाले ते शिरोलीचा पूल कधी ओलांडला तेही कळलं नाही. त्यानं घरी येऊन माझं नाव सांगितलं नाही. मला झाकलं आणि आईला टाळ्या दिल्या. दोन्ही एकाच वाक्यात केलं आणि पुढची नऊ वर्षं माझ्या घरी खरवस आणत राहिला. आणि आक्कांनी विचारल्यावर मी पुन्हा तेच केलं, समोर उभी राहून खोटं बोलले. तोंडावर सांगायचा धीर मला झाला नाही. लिहिताना होतोय.

पद्मा, हे छापून आलं की आक्कांना वाचून दाखव. सगळं वाच, गाळू नकोस. आक्का, सन्मती त्या दिवशी तिथं बोलला नाही. त्याला बोलायचं होतं, मी बोलू दिलं नाही. त्या टाळ्या मी घेतल्या. त्याचं भाषण फक्त तुम्ही ऐकलंय.