उलार बंडीवरचा पाहुणा

नागपुरात चार दिवसांत मी हातगाडी ढकलली (ती कांद्याच्या ढिगात शिरली) आणि सायकलरिक्षा चालवली (गटाराच्या काठापर्यंत). बैलगाडी तेवढी राहिली होती. म्हणून पाचव्या दिवशी एसटीने नरखेडकडच्या एका गावी, मित्राच्या मामांच्या संत्र्याच्या बागेत दाखल झालो.

गोठ्याशेजारी दोन गाड्या होत्या. "हे रेंगी, माणसायची," मामा लहान गाडीवर हात ठेवून म्हणाले. "हिच्यातच तुमच्या मामीले आणलं होतं." आता रेंगीत कोंबडी अंडी घालते आणि मामी मोटारसायकलवर बसतात. दुसरी बंडी, मालाची. तिच्यावर संत्र्याचे क्रेट रचणं चाललं होतं.

"ट्रॅक्टर का नाही?"

"कालच ओलित (पाणी देणं) केलं ना गा! या चिखलात ट्रॅक्टर रुतला तर पोळ्यालेच निघन."

तेवढ्यात फोन वाजला. डांबरी रस्त्यावर थांबलेला ट्रकवाला ओरडत होता, "अर्ध्या घंट्यात माल आणा, नाही तर मी निघालो!" तोडलेला संत्रा आज गेला नाही, तर नरम पडणार. मामांनी घाईघाईने बैल जुंपले. बैलांना माझा त्रास नको, या भूतदयेने मी अगदी शेवटच्या टोकाला पाय सोडून बसलो. शिवाय तिथून फोटो छान येत होता.

नाल्याचा चढ लागला आणि बंडी मागे कलली. जू वर उचललं गेलं, बैलांच्या गळ्याला जोते (जुवाचे पट्टे) आवळले, वरचा क्रेट सुटला आणि संत्र्यांसकट मीही चिखलात.

"उलार झाली नं बंडी!" मामा गरजले. "मांगं काहून बसले? मालही मांगं, तुमीही मांगं! या पुढं!"

मी धावत जाऊन पुढे बसलो. जू जागेवर आलं, बैलांनी चढ ओढला. उतारावर पुन्हा आरोळी: "आता मांगं सरका! बैलाच्या मानेवर बसले का?" रस्ता येईस्तोवर मी क्रेटांवरून असा रांगत राहिलो. माझ्या नव्वद किलोंना एवढा मान घरी कधीच मिळाला नव्हता.

ट्रकवाल्याने इंजिन सुरू केलं होतं. आम्हाला पाहून त्याने बंद केलं. माझा चिखलाने लिंपलेला अवतार बघून विचारलं, "हा कोन?"

"आमचा तोल," मामा शांतपणे म्हणाले.

निघताना मामींनी पिशवीभर संत्री दिली. "पडलेला माल बाजारात चालत नाही, भाऊ. तुमीच पाडला, तुमीच खा."

परतीच्या एसटीत मागचीच जागा मिळाली. संत्री खात होतो. पुलाचा चढ लागला, तसा मी उठलो आणि दांडा धरून मुकाट्याने चालकाच्या मागे जाऊन उभा राहिलो. कंडक्टरने विचारलं, "उतरायचं आहे का?"

"नाही," म्हटलं, "चढ आहे."