गुरवाचं गाऱ्हाणं

भागोजी गुरव गेल्याचं मला महाडच्या बाजारात कळलं, आणि कळूनही कळलं नाही. मी सुकट घेत होतो. पोलादपूरच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा. तो मागून येऊन म्हणाला, "गुरुजी, तुमच्या वरच्या गावचे गुरवबाबा काल सकाळी वारले." मी "अरेरे" म्हटलं आणि समोरच्या दासगावच्या बाईला म्हटलं, "अगो, वर मूठभर टाक की, एवढा काय हात आखडतेस!" तिनं टाकली. पिशवी बांधून, वाटेत दोघांशी बोलून मी घरी आलो. ओट्यावर चप्पल काढायला वाकलो तो तिथंच खाली बसलो. ही आतून विचारत होती, "काय झालं हो?" आणि मी सांगत होतो, "सुकट आणली... सुकट आणली." त्या ओट्यावर, अगदी त्याच जागी, तीन आठवड्यांपूर्वी भागोजी बसून चहा पिऊन गेले होते. धडधाकट माणूस. छप्पन-सत्तावन्नचं वय, डोंगर चढताना मलाच मागे टाकणारा. देवळापुढचं अंगण झाडून झालं, केरसुणी कोपऱ्यात ठेवली, पायरीवर टेकले आणि संपलं. असं कधी कुणी जातं का हो? मला तर अजून खरं वाटत नाही. हे लिहितानाही वाटतंय की आत्ता हाक येईल, "गुरुजी, हाव काय घरात?"

पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांचं गाव. तिथल्या बोर्डाच्या शाळेत मी सात वर्षं मास्तर होतो. एक खोली, एक मास्तर, चार इयत्ता, आणि भिंतीला भिंत लावून भैरवनाथाचं देऊळ. देव या विषयात मी जन्माचा नापास. त्यात वर्गात पाढे चाललेले असताना पलीकडून गाऱ्हाणं सुरू व्हायचं आणि पोरं पाढे सोडून तिकडे कान लावायची. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. गाऱ्हाण्याची रीत अशी: ज्याला देवाकडे काही मागायचं असेल त्यानं नारळ ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. त्याचं म्हणणं गुरव मोठ्या आवाजात देवाला सांगणार, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं म्हणणार, "होय महाराजा!" आमच्या पोरांनी तर एकदा माझ्याच वाक्याला तसा होकार दिला होता. "उद्या गृहपाठ न आणणाऱ्याला छडी मिळेल." "होय महाराजा!"

पण भागोजींचं काम नुसतं नारळ घेऊन ओरडण्याचं नव्हतं. आधी ते माणसाला पायरीवर बसवायचे आणि वकिलासारखी उलटतपासणी घ्यायचे. कधीपासून? घरात कोन कोन? इलाज काय केलास? कोनाशी वाकडं हाय? हे सगळं विचारून झाल्याशिवाय ते देवापुढे तोंड उघडत नसत. एकदा गणू नावाच्या शेतकऱ्याची म्हैस हरवली. भागोजी उभे राहिले आणि म्हणाले, "बा महाराजा, ह्या गणूची म्हैस तीन दिस झाले घरला नाय. ती तू दाखव." होय महाराजा! "आनी महाराजा, ह्या गणूनं सख्ख्या भावाच्या शेताचं पानी अडवून ठेवलंय, त्याची त्याला लाज वाटू दे." होय महाराजा! आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज गणूच्या भावाचा! पाणी त्याच संध्याकाळी सुटलं, म्हैस दुसऱ्या दिवशी रानातून आपल्या पायांनी आली. मी भागोजींना गाठून म्हटलं, "म्हैस काय, ती येणारच होती." ते शांतपणे म्हणाले, "म्हैस येनारच होती गुरुजी. पानी नसतं आलं."

मग आमची गट्टी जमली. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून आम्ही भांडायचो. गावातली निम्मी कर्ती माणसं मुंबईला गिरणीत, आणि त्यांना बायकांची पत्रं मी लिहून द्यायचो. भागोजी म्हणायचे, "तुमचं आनी माझं काम येकच. तुमच्या पत्राला तिकीट लागतं, माझं बिनतिकिटाचं जातं." मी म्हणायचो, "माझ्या पत्राला उत्तर तरी येतं!" त्यावर ते इतके हसायचे की ठसका लागायचा. एकदा मी विचारलं, "सगळ्या गावाचं तुम्ही घालता, तुमचं कोण घालतं?" तर म्हणाले, गुरवानं आपल्या घरचं आपण घालायचं नसतं, दुसऱ्यानं घालावं लागतं. "न्हावी आपलं डोकं आपन भादरतो काय? आनी आमाला काय धाड भरलीय गुरुजी!"

माझी मंगल तेव्हा पाच वर्षांची. श्रावणात तिला विषमज्वर झाला. ओढा भरलेला, पोलादपूरला जायची वाट बंद, पोर तापात बरळतेय. भागोजी दुपारी डोक्यावर पोतं घेऊन आले आणि दारातून त्यांचे ते प्रश्न सुरू. कधीपासून, इलाज काय केलात... मी अंगावर धावून गेलो. "चालते व्हा! माझ्या घरात हे सोंग नको!" ते गेले नाहीत, मागच्या दारी जाऊन त्यांनी हिला विचारलं. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. "बा महाराजा, ह्या मास्तराची पोर सा दिस तापात हाय. औषध पोलादपुराला हाय आनी मधी पानी हाय." होय महाराजा! "मास्तर तापट हाय, महाराजा. पन तो राग नाय, ते भ्या हाय. तो परगावचा, त्याला हितं भाऊ नाय." होय महाराजा... तीस-चाळीस माणसं असतील. इकडे पोरीच्या उशाशी बसून मी हमसून हमसून रडलो, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. मला भीती वाटतेय हे मी हिलासुद्धा बोललो नव्हतो. देवळातून माणसं पांगली ती घरी नाही गेली. त्यांतले दोघे दोर घेऊन ओढ्यात उतरले, पोलादपूरच्या डॉक्टरांकडून औषध घेऊन रात्रीच्या आत परतले. मंगल वाचली. मी पुढे भागोजींना म्हटलं, "औषधानं वाचली." ते म्हणाले, "मी कुठं नाय बोललो? पन ते दोघं माझं बोलनं आयकून गेले नव्हं?"

पुढे माझी बदली महाडला झाली. भागोजी बाजाराला आले की घरी डोकावायचे, नाचणी नाहीतर फणस ठेवून जायचे. त्या दिवशी मात्र हात रिकामे होते. शाळेत तपासणीला साहेब यायचे होते, आणि मी हजेरीपटांचा ढिगारा पुढ्यात घेऊन ओट्यावर बसलो होतो. चहा आला. भागोजी बशीत फुंकर घालत राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, येक गाऱ्हानं हाय. तुमी घालाल काय?"

मी मोठ्यानं हसलो. "मी? अहो, मी देवळात शिरलो तर देव बाहेर पडेल!"

तेही हसले. म्हणाले, "तुमाला मानसाचं म्हननं मांडता येतं. गावात कोनाला सांगन्यासारखं नाय."

"बरं, बरं. आता हे साहेबांचं लचांड जाऊ दे. शिमग्याला येतो, तेव्हा बघू."

"बघा," ते म्हणाले. बशी पालथी घातली, टोपी झटकली, निघाले. मी मान वरसुद्धा केली नाही. कुणाचं गाऱ्हाणं, कशाचं, कधीपासून... त्यांनी जन्मभर प्रत्येकाला जे प्रश्न विचारले, त्यांतला एकही माझ्या तोंडून निघाला नाही. कचेरीतला शिपाईसुद्धा दारात आलेल्याला काम काय म्हणून विचारतो हो! आणि ज्यानं माझी भीती चाळीस माणसांत बोलून दाखवली, त्याला मी चहा पाजून वाटेला लावलं.

तेराव्यानंतर मी वर गेलो. पोलादपूरपासून चालताना एकच विचार, त्या माणसाला काय हवं होतं? आणि आता ते मला कोण सांगणार? भागोजींना मूलबाळ नाही. घरात येसूवहिनी एकट्या, भिंतीला टेकून बसलेल्या, फार वाळल्या होत्या. मला वाटलं, दुःखानं. मी बसलो आणि पहिलं हेच बोललो, "वहिनी, ते माझ्याकडे आले होते. गाऱ्हाणं घाला म्हणाले."

"ठाव हाय."

"मी घातलं नाही, वहिनी."

"ते बी ठाव हाय. हितं येऊन बोलले, गुरुजी शिमग्याला बघू बोलले. म्हंजे नाय घालायचे."

"रागावले का हो?"

"नाय वो! त्या रातीला पोटभर जेवले. दिवाळीपासनं नीट जेवत नव्हते. मी बोलले, आज काय झालं? तर बोलले, मागून आलो. येवढं वय झालं, कोनाच्या दारात मागायला गेलो नव्हतो, आज गेलो. मग गाढ झोपले."

नकार घेऊन आलेला माणूस गाढ झोपला, आणि इथे नकार देणाऱ्याच्या डोळ्याला डोळा नाही. शेवटी कसंबसं विचारलं, "पण मागणं होतं काय?"

वहिनींनी पदर सारखा केला. दाराकडे बघितलं, कुणी नाही ना. "माझंच होतं, गुरुजी." आणि हात पोटावर ठेवला. "वर्स झालं. गोळा हाय हितं. लाजेपायी कोनाला दावला नाय. दिवाळीत त्यांच्या ध्यानात आलं. डाक्तरकडं चल बोलले, मी नाय गेले. मग बोलले, गुरुजी तरी देवाला सांगतील, तुला बी सांगतील."

मला वाटत होतं की सगळं संपून गेलंय, आता नुसतं रडायचं राहिलंय. आणि इथे ते गाऱ्हाणं जिवंत माझ्यासमोर बसलेलं होतं, आणि माझ्यामुळे महिनाभर थांबलेलं होतं. शिमगा तर अजून लांबच होता. "उठा," मी म्हटलं, "लुगडी बांधा. महाडला चला." त्या नको-नको म्हणू लागल्या तेव्हा मी चक्क ओरडलो. रागानं नव्हे.

निघताना देवळापुढे माणसं जमली. मी नारळ ठेवला आणि उभा राहिलो. हजारो पत्रं लिहिलेला मी, पण मायना सुचेना. "बा महाराजा..." एवढंच म्हटलं आणि गप्प झालो. पुढचं काही येण्याआधीच लोक म्हणाले, "होय महाराजा." मग मात्र मी बोललो. वहिनींना विचारून, त्यांनी मान हलवल्यावर, पोटातल्या गोळ्यासकट सगळं बोललो. खाली उतरायला डोली आणली ती गणूनं आणि त्याच्या भावानं.

महाडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऑपरेशन लागेल, मुंबईला न्या. मी विचारलं, बऱ्या होतील ना? ते म्हणाले, महिनाभर आधी आणायला हवं होतं. पुढच्या सोमवारी आम्ही निघतोय. काय होईल ते मला ठाऊक नाही. देव आहे का, तेही मला अजून ठाऊक नाही.

वहिनी आमच्या माजघरात आहेत. परवा सकाळी मी शाळेला निघालो तर त्यांनी हाक मारली. "गुरुजी, बसा हितं. रातचं झोपत नाय तुमी. कधीपासनं?"

"ते गेल्यापासून."

"घरात कोनाला बोललाव?"

"नाही."

"मग तुमचं कोन घालनार?" मी उठायला लागलो, पण त्यांनी पडल्या पडल्याच हात जोडले होते. आवाज क्षीण, पण ठाम. "बा महाराजा, ह्या गुरुजीच्या दारात माझा मानूस आला होता. ह्यानं त्याला च्या दिला, पन इचारलं नाय. ते ह्याच्या जिवाला लागलंय." स्वयंपाकघराच्या दारातून ही म्हणाली, होय महाराजा. "माझा मानूस ह्याच्यावर रुसून गेला नाय. ते ह्याला पटू दे, महाराजा." मंगल वेणी घालता घालता थांबली होती, तीही म्हणाली. मग वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. आता होकार मी द्यायचा होता. तो द्यायला मला फार वेळ लागला. शाळेत पोहोचलो तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती.