पाळण्याची उशी

"मले पाळण्यात बसाचं हाये," असं माय एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, आणि बाबांचा घास हातातच राहिला.

पाळणा म्हणजे मंगरूळच्या उरसात येणारा लाकडी पाळणा. चार खोकी, आणि दोन दांडगी माणसं ती हातानं ढकलून वरखाली फिरवायची. आमचं खेडं शेलूबाजारापासून दोन कोसांवर. पन्नास सालानंतरची ती वर्षं. मौज नावाची वस्तू आमच्या भागात वर्षातून एकदाच मिळे, ती या उरसात. हिंदू-मुसलमान सगळेच जात. दर्ग्याच्या पायरीवर डोकं टेकवून पुण्याचं काम पाच मिनिटांत उरकलं, की उरलेला दिवस जिलेबी, बांगड्या आणि पाळणा.

पण पाळण्यात बसत ती पोरं. लग्न झालेल्या, दोन लेकरांच्या बाईनं पाळण्यात बसायचं म्हणजे तिच्या अंगात काहीतरी शिरलं असणार, असं आमच्या गावाचं मत होतं. माय लग्न होऊन आली तेव्हापासून दरवर्षी पाळण्याखाली उभी राही, दुसऱ्यांच्या चपला सांभाळत आणि मान वर करून. वर्षानुवर्षं मान वर करून करून तिची मान दुखायला लागली होती, एवढंच.

"पडशीन," बाबा म्हणाले.

"तुमी गाडीतून दोनदा पडले, मंग गाडीत बसाचं सोडलं का?"

बाबांनी घास तोंडात टाकला. चावत असताना त्यांना नेहमी मुद्दे सुचत. "पैसे कोन देईन?"

"मी वाचवीन. अन् मी वाचवले तं मीच बसीन. हो म्हना."

"हो," बाबा म्हणाले. फुकटात हो म्हणायला त्यांची कधीच ना नसे. "पन माह्या खिशाले हात लावाचा नाई."

त्यांच्या बंडीच्या खिशात एक अडकित्ता आणि विझवलेल्या अर्ध्या बिड्या असत. त्याला हात लावायची कोणाची इच्छाही नव्हती.

तर त्या हिवाळ्यात आमच्या घरी काटकसर सुरू झाली. आता काटकसर आमच्याकडे नवी नव्हती, पण पूर्वी ती गरजेनं होती, आता हौसेनं झाली, आणि हौसेची काटकसर फार वाईट. चहाची पूड उन्हात वाळवून पुन्हा उकळायची, वाळवून पुन्हा उकळायची. तिसऱ्या उकळीचा चहा पाहुण्याला दिला की तो परत येत नसे, म्हणजे तिथंही बचतच. काड्यापेटी एकच, ती फडताळात देवाच्या मागे. चूल पेटवायला मी शेजारून गोवरीच्या तुकड्यावर विस्तव मागून आणायची. शेजारीण तोंडानं "ने वं बाई" म्हणायची आणि डोळ्यांनी दुसरंच काही. डोकं काळ्या मातीनं, कपडे रिठ्यानं, भांडी राखेनं. वरण इतकं पातळ झालं की माझा तीन वर्षांचा भाऊ त्यात स्वतःचं तोंड पाहून हसायचा.

बाबांनीही हातभार लावला. "मी बिडी सोडली," असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं. खरं तर त्यांनी बिडी सोडली नव्हती, विकत घ्यायची सोडली होती. आठवडाभरात पारावर त्यांना पाहिलं की लोक बंडल कनवटीला लपवायला लागले. न्हाव्याला आम्ही वर्षाकाठी जवारी देत असू, मग डोकं एकदा भादरा की दहादा. बाबांनी वसुलीचा सपाटा लावला. भावाच्या डोक्यावर त्या हिवाळ्यात केस म्हणून उगवलाच नाही.

पण दात कोरून पोट भरत नाही. या सगळ्यातून जे वाचे ते बाबांच्याच कनवटीला जाऊन बसे. मायला स्वतःची कमाई हवी होती, आणि ती तिला सापडली बाभळीच्या काट्यांवर.

आमच्या रानाच्या कडेनं गाडरस्ता होता. कापसाचे दिवस आले की पंचक्रोशीतल्या गाड्या त्या रस्त्यानं मंगरूळच्या जिनाकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, जायच्या. गाडीत कापूस इतका दाबून भरलेला, की दोन्ही अंगांनी बाहेर फुगलेला. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना बाभळी. प्रत्येक गाडीचा थोडा थोडा कापूस काट्यांना अडकून राही. गाडीवान उतरून तो काढत नसे, कारण चार बोंडांसाठी बैल थांबवले तर लोक काय म्हणतील. तो कापूस कोणाचाच नव्हता. माय आणि मी रोज दुपारी रानातून परतताना तो वेचायचो. काटे हातात, कापूस ओच्यात. कोणी विचारलं तर माय म्हणायची, "काटे तोडून राह्यली बाप्पा, बैलाले लागतात."

बैलांची एवढी काळजी करणारी बाई गावानं पहिल्यांदाच पाहिली.

हा कापूस ठेवायचा कुठं? टोपल्यात ठेवला तर बाबा आपल्या गाठोड्यात मिसळणार. मायनं जुन्या लुगड्याचा अभरा शिवला आणि रोज मूठ-दोन मूठ त्यात कोंबायला लागली. उशी फुगत गेली. सरकी काढलेली नव्हती, त्यामुळं ती उशी हरभऱ्याच्या पोत्यासारखी टोचायची. तिच्यावर झोपायचे कोण, तर बाबा. घरात दुसरी उशीच नव्हती. सकाळी उठले की कानावर सरकीचे वण.

"काय भरलं हाये यात?"

"माहा पाळना," माय म्हणायची.

उरूस त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाशी आला. ठरलं असं की उशी गाडीत घालून न्यायची आणि मंगरूळला व्यापाऱ्याकडे कापूस मोडायचा. आमच्या गावात मोडला असता तर बाभळीचा कापूस म्हणून बाबांचं नाक कापलं गेलं असतं. आणि कापूस मोडायचा तर या वेळी एक रात्र राहणं आलं, त्या मुक्कामाला पैसे जाऊ नयेत म्हणून बाबांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी बचत काढली. "बाईच्या घरी उतरू."

बाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या. तिचं सासर मंगरूळात, उरसाच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर. दरवर्षी उरसाला यायचो, तरी बाबा मैदानावरूनच गाडी परत फिरवत; तिच्याकडे ते बारा वर्षांत गेले नव्हते. भाऊबीज नेमकी कापसाच्या वेचणीत येते, हा काही बाबांचा दोष नव्हता. राखी पावसात येते, रस्ते चिखलाचे. हाही त्यांचा दोष नव्हता. आवळा देऊन कोहळा काढणारे लोक असतात. बाबा आवळाही घरीच ठेवून निघाले होते.

माय गाडीत बसताना म्हणाली, "बहिनीच्या घरी रिकाम्या हातानं जाता काय? खन तरी घ्या एखादा."

"घरचीच त हाये. तिले काय नवल दाखवाचं?"

दुपारी पोचलो. आत्या दारात उभी होती. तिनं भावाला पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. बाबांसारखंच नाक, पण तिच्यावर ते शोभत होतं. तिची तीन पोरं मामा आला म्हणून नाचत बाहेर आली आणि गाडीत डोकावली. मामा काय घेऊन आला ते पाहायला. गाडीत कडब्याच्या दोन पेंढ्या, पाण्याची घागर, माझा भाऊ आणि उशी, एवढंच होतं.

आत्यानं उशी उचलून छातीशी धरली. "दादा! मले उशी आनली?"

माय गाडीतून एक पाय खाली टाकून तशीच थांबली. मी बाबांकडे पाहिलं. शेजारणी ओसरीवर आल्या होत्या. बारा वर्षांनी आलेला भाऊ, मागे त्याची बायको, समोर बहिणीच्या मिठीत उशी. बाबांनी एकदा उशीकडे पाहिलं, एकदा शेजारणींकडे.

"हो," ते म्हणाले. "तुह्यासाठीच."

फुकटात हो म्हणायची सवय माणसाला अशी कुठेतरी महागात पडते.

आत्यानं उशी दाबून पाहिली. "सरकी हाये वाट्टे यात?"

"ताजा कापूस हाये," बाबा म्हणाले. "आपल्या रानचा."

शेवटचं तेवढं तर सरळ खोटं होतं. माय आत गेली आणि चुलीपाशी बसली. मला इतका राग आला होता की मी आत्याच्या हातची शेवयांची खीर दोनदाच घेतली. सगळा हिवाळा माझे हात काट्यांनी सोलले होते, आणि ती उशी आत्याच्या खाटेवर देवासारखी मांडली होती. शेजारणी येऊन तिला हात लावून जात होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं मायची ओटी भरली. नारळ, गहू, हिरवा खण आणि वर एक चवन्नी. दर्ग्यात डोकं टेकवून उरूस पाहायचा आणि तिकडूनच परत फिरायचं ठरलं. आत्या आम्हाला पोचवायला मैदानापर्यंत आली, तिच्या मागे तिची तिन्ही पोरं. मामा असताना भाच्यांनी स्वतःच्या पैशानं पाळण्यात बसायचं, असं आमच्याकडे कुठं चालतं? आम्ही दोघं आणि ते तिघं, पाच डोक्यांचे पाच आणे बाबांनी कनवट सोडून एकेक करून असे मोजले, की पाळणेवाला म्हणाला, "चचा, दात नहीं निकाल रहा हूँ आपके."

मी वर गेले. मजा आली नाही, कारण खाली माय उभी होती. हातात पाच जणांच्या चपला आणि मान वर.

उतरले तेव्हा बाबा म्हणत होते, "चाल, ऊन चढून राह्यलं."

मायनं चपला खाली टाकल्या. पदरातून ओटीची चवन्नी काढली आणि पाळणेवाल्यापुढे धरली.

"ओटीचा पैसा हाये तो!" बाबा ओरडले. ओटीचा पैसा देवापाशी ठेवतात, फार तर मिठाला खर्च करतात.

"मंग? माह्या ओटीतला हाये ना?"

पाळणेवाला नाणं घेईना. "अकेली को नहीं बिठाता, बाई. तोल जाता है. दुसरी लाओ."

मी पुढं झाले, तर तो माझ्याकडे पाहून हसला. माझा तो काय तोल. बाबांकडे पाहिलं, तर ते दुसरीकडेच पाहायला लागले. मायचा हात खाली आला. तिनं चवन्नी मुठीत दाबली. हिवाळाभर न रडलेली बाई आता रडणार, हे मला दिसलं.

"मी बसतो ना वैनीसंगं," आत्या म्हणाली. "माह्या दारापाशी दरवर्सी येते हा लेकाचा पाळना. मले कोनी एकदा बस म्हटलं नाई."

पाळणेवाल्यानं दोन आणे परत केले. मायनं नारळ बाबांच्या एका हातात दिला, गव्हाची पुरचुंडी दुसऱ्या, हिरवा खण खांद्यावर टाकला आणि माझ्या भावाला त्यांच्या पायाशी उभा केला. दोघी खोक्यात बसल्या. दांडगी माणसं ढकलायला लागली. पहिल्या फेऱ्याला दोघी अशा किंचाळल्या की जिलेबीवाला झारा हातात घेऊन पाहत राहिला. दुसऱ्या फेऱ्याला हसत होत्या. तिसऱ्याला मायचं तोंड आत्याच्या कानाशी होतं, ती भराभरा काहीतरी सांगत होती. आत्याचं हसू थांबलेलं मी खालून पाहिलं.

उतरल्या. आत्या सरळ बाबांपुढे येऊन उभी राहिली. बाबा नारळ आणि खण घेऊन नवरीसारखे उभे होते.

"दादा, वैनीनं मले समदं सांगतलं. उशी वैनीची हाये म्हने."

बाबांनी नारळाकडे पाहिलं.

"पन मी नाई देत ते," आत्या म्हणाली. "रातभर कान टोचला माहा, तरी नाई देत. बारा वर्सं झाली. तुह्या हातून माह्या घरात आलेली पयली वस्तू हाये ते." मग मायकडे वळून म्हणाली, "वैनी, तुमी खुशाल रागावजा. पन मी नाई देत."

"मी कायले मागू?" माय म्हणाली. तिनं आत्याच्या डोक्यावरचा घसरलेला पदर नीट केला.

परतीच्या वाटेवर बाबांनी खिशातली अर्धी बिडीही पेटवली नाही. ही आमच्या घरची पहिली खरी बचत. मी मायला विचारलं, वरून काय दिसलं? "रस्ता दिसला," ती म्हणाली. "तुह्या आत्याच्या घराकडचा. काई लांब नाई व. बारा वर्सं लागावं इतला त नाईच नाई." हे ती माझ्याशी बोलत होती, पण आवाज बैलांच्या शिंगांपर्यंत जाईल इतका मोठा होता.

आमच्या रानाजवळचा गाडरस्ता लागला. बाबांनी कासरा ओढला. बैल थांबले. ते खाली उतरले आणि बाभळीवर उरलासुरला कापूस वेचायला लागले. हंगाम सरला होता, काट्यांना धुळकट पुंजके तेवढे राहिले होते. सवय नसल्यामुळं प्रत्येक काटा त्यांना लागत होता आणि प्रत्येक काट्याला ते शिवी देत होते. मागून एक गाडी आली. गाडीवानानं हाक मारून विचारलं, काय करून राह्यले? बाबांनी बैलांचं निमित्त सांगितलं नाही. "कापूस येचतो," म्हणाले.

मूठभर झाला तेव्हा ते गाडीपाशी आले आणि मायच्या ओच्यात टाकला. "पुढल्या साली बसशीन ना?"

मायनं तो कापूस हातात घेऊन पाहिला, त्यातला एक काटा काढून फेकला.

"एकटीले नाई बसवत," ती म्हणाली. "दोघींचा येचा."

बाबा पुढच्या बाभळीकडे गेले.