चेअरमनसाहेब शेअर घेतात तेव्हा

जेट्टीच्या खांबाला कालवं कोणी नेऊन चिकटवत नाही. खांब नुसता उभा असतो, कालवं आपली येऊन बसतात. आमच्या लाँच कंपनीचे किस्से मला असेच चिकटले. मी फक्त कासमभाईच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो!

स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा-बारा वर्षं. मी दिघीला शाळामास्तर. खाडीपलीकडे आगरदांड्याला माणसं ने-आण करायला एक छोटी कंपनी निघाली. दोन लाँच, दहा रुपयांचा शेअर, आणि चेअरमन म्हसळ्याचे भाऊसाहेब. शेअर विकायचा तर फॉर्मवर सही लागे आणि सहीला साक्षीदार. माझं अक्षर बरं, म्हणून साक्षीदार मी. त्यामुळे कंपनीतल्या कुणी शेअर घेतला की विकला, हे गावात आधी मला कळे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून चहा यायच्या आत सगळ्या हॉटेलला कळे.

किराणावाले वेलजीशेठ यांनी आम्हाला मंत्र दिला होता. "मास्तर, आत बसेल माणसाला बधी खबर असते. तो घेशे तर आपण घेवानुं, तो विकशे तर आपण विकवानुं!"

मंत्र घेतला नाही फक्त हिराबाईने. ती कोळीण हॉटेलच्या पायरीवर मासळीची टोपली घेऊन बसे. गळ्यातली सोन्याची माळ विकून तिने साठ शेअर घेतले होते. पैसे वाढले की मुलाच्या, नथूच्या होडीला मशीन बसवायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात. आमचं गेलं तर चहाचे पैसे जाणार होते. तिचं गेलं तर नथू जन्मभर वल्ही मारणार होता.

* * *

एकदा तळा गावच्या एका डॉक्टरांनी एकदम पंचवीस शेअर घेतले आणि ते डायरेक्टर झाले. झालं! डॉक्टर माणूस, नाडी बघून घेतले असणार! आम्ही सगळे तुटून पडलो. भाव बारावर गेला.

वार्षिक सभेत मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "काय बघून घेतलेत?"

"बघायचं काय त्यात? पंचवीस शेअर असल्याशिवाय डायरेक्टर होता येत नाही असा नियम आहे. भाऊसाहेबांनी गळ्यात मारले!"

हे मी हॉटेलात सांगितलं तेव्हा कासमभाई कपबशी पुसत होते. ते म्हणाले, "म्हणजे त्यानं शेअर नाही घेतला मास्तर, खुर्ची घेतली!"

* * *

पुढच्या वर्षी, भाव परत दहावर आल्यावर, मॅनेजरने चाळीस शेअर विकले. मी साक्षीदाराची सही करून जो धावत सुटलो तो हॉटेलात. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्यांनी दहाचा शेअर आठाला फुंकून टाकला.

आठवड्याने मॅनेजरच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. लाँचला झेंडूच्या माळा! कासमभाई पंगतीत प्रत्येक जिलबी उचलून म्हणत, "ही माझ्या दोन रुपयांची!"

हिराबाईने विकले नव्हते. मी विचारलं तर म्हणाली, "लगीन काढल्याव मानूस काय बी इकतो, मास्तर. मी माल इकली, तवा काय सोनं खराब झालं व्हतं?"

"अगं, पण लग्न आहे हे तुला कुठून कळलं?"

"त्याच्या बायकोनं पावन्यांसाठी दोन टोपल्या कोलंबी सांगितलीन!"

मग आम्ही आमचेच शेअर पुन्हा दहाने घेतले.

* * *

मग भाऊसाहेबांनी शंभर शेअर बायकोच्या नावावर केले. आता हे घेतले म्हणायचे की विकले? दोन दिवस वाद. कासमभाई म्हणाले, विकले. मी म्हणालो, घेतले. कारण आमच्या घरात तरी जे बायकोच्या नावावर जातं ते कायमचं राहतं. वेलजीशेठ म्हणजे पक्का व्यापारी. त्यांनी धोका नको म्हणून सकाळी दहा शेअर घेतले आणि दुपारी दहा विकले. स्टॅम्पचा खर्च दोन्ही वेळा झाला. साक्षीदार दोन्ही वेळा मीच!

* * *

सगळ्यात मोठी घबराट उडाली ती भाऊसाहेब स्वतःच्या लाँचमध्ये न बसता शिडाच्या होडीतून खाडी ओलांडताना दिसले तेव्हा. लाँच फुटकी आहे! बुडणार! मी धीर करून त्यांनाच गाठलं.

"मास्तर," ते कळवळून म्हणाले, "लाँचमध्ये पाऊल टाकलं की चाळीस मालक! एक म्हणतो डिव्हिडंड कधी, दुसरा म्हणतो बाकडं मोडलंय, तिसरा म्हणतो मी मालक, तर मला तिकीट का? होडीवाल्याकडे एकही शेअर नाही. किती शांत माणूस!"

* * *

आणि मग ती सकाळ. भाऊसाहेब स्वतः हॉटेलात आले, चेहरा अगदी पडलेला. "कंपनीत राम राहिला नाही. इंजिनं म्हातारी झाली, डिझेल परवडत नाही. तुम्ही आपली माणसं, तुमचं नुकसान मला बघवत नाही. पाच रुपयांनी देऊन टाका, मी घेतो ओझं अंगावर."

वेलजीशेठ चुळबुळले. "पण मास्तर, आपला नियम? आतला माणूस घेशे तर..."

"नियम नफ्यासाठी घेणाऱ्याला," कासमभाई हळूच म्हणाले. "हा तर सवाब कमावतोय!"

एवढ्या पुण्यवान माणसाला नाही कसं म्हणायचं? आम्ही तिघांनीही विकले. माझ्या फॉर्मवर कासमभाई साक्षीदार झाले. मी तर भाऊसाहेबांचे आभारसुद्धा मानले!

मग ते पायरीवर हिराबाईसमोर बसले. शेजारी नथू उभा. मी फॉर्म काढला, पेन उघडलं.

भाऊसाहेब तिचं जुनं गिऱ्हाईक. पापलेट घ्यायची त्यांची रीत ठरलेली. कल्ले उचकटून बघायचे, "कालचं दिसतंय," म्हणायचं, "डोळे बसलेत," म्हणायचं, आणि यथेच्छ नावं ठेवून झाली की अर्ध्या भावात पिशवीत टाकायचं. आज त्यांनी कंपनीला नावं ठेवायला सुरुवात केली. इंजिन सांगितलं, डिझेल सांगितलं, मोडकी बाकडी सांगितली. हिराबाई मान हलवत ऐकत होती.

"बरं, सहा देतो," भाऊसाहेब म्हणाले.

तिने मासळीवर पाणी शिंपडलं.

"आये, दे की," नथू म्हणाला. "जुनं मशीन तरी येल." त्याच्या हाताला वल्ह्याचे घट्टे पडले होते. मीही म्हणालो, "दे हिराबाई, आम्ही सगळ्यांनी दिले."

"आठ! पण हे शेवटचं," भाऊसाहेब म्हणाले.

हिराबाईने टोपलीवरचं फडकं नीट केलं.

"साहेब, येवढी नासकी कंपनी, मंग तुमचा जीव कशाला तिच्यात? तुमच्याकडचं हायत तेवढं शेअर माझ्या अंगाव टाका. आठानंच घेतंय. माझं साठ हायतच, पैशाला नथूची होडी बी इकतंय. मास्तर, काढा दुसरा फॉर्म!"

भाऊसाहेबांनी फॉर्मला हात लावला नाही. मग त्यांनी टोपलीतल्या पापलेटच्या जोडीकडे बोट दाखवलं. तिने भाव सांगितला, नेहमीच्या दुप्पट.

त्यांनी कल्ले न बघता दोन्ही पापलेटं घेतली, सांगितले तेवढे पैसे मोजले आणि निघून गेले.